परसातली वेडी बाभूळ

तंजावरात व्यंकोजीराजांच्या काळापासून स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांपैकी कोणी पिढीजात घर विकावयास काढले, की घेणारा तुळया पाहतो, विहीर पाहतो. परसाकडे मात्र क्वचितच वळतो. पाहावयाचे ते तेथेच असते. तमिळ माणूस जिला ‘सीमै करुवेलम्’, म्हणजे विलायती बाभूळ म्हणतो, ती आपली वेडी बाभूळ. मूळची ही अमेरिका खंडातील; एकोणिसाव्या शतकात सरपणासाठी येथे मुद्दाम आणली गेली. ती नुसती तोडून जात नाही. बुडख्यातून पुन्हा धुमारे फुटतात; मुळासकट खणावी लागते. तमिळनाडू सरकारने २०२२ साली अशा आक्रमक वनस्पतींच्या निर्मूलनाचे धोरणच आखले.

विक्रीपूर्वी झाड जमिनीलगत कापून वर माती पसरणे सोपे आहे. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५५ वे कलम सांगते, की घेणाऱ्यास साध्या दक्षतेने न दिसणारा आणि विकणाऱ्यास ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. इंग्लंडात जपानी नॉटवीड या तणाविषयी विकणाऱ्यास लेखी प्रश्नच विचारतात. आपणही विचारावे, आणि उत्तर लिहून घ्यावे. मातीखालचा बुडखा हा कायद्याने दोष ठरतो की नाही, याचा खल वकील करोत. सचोटीला त्याविषयी संदेह नाही.