बंद गाडीला तारीख मागा

(भिलाई येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त सभेत शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पगाराचा नाही, महागाई भत्त्याचाही नाही. विषय आहे बंद पडलेल्या पॅसेंजर गाडीचा. काही साथी म्हणतील, गाडी बंद झाली तर प्रवासी ओरडतील, युनियनने त्यात का पडावे? दोन कारणांसाठी पडावे. पहिले असे की गाडी जाते तेव्हा एकटी जात नाही. तिच्याबरोबर पॉइंट्समन, गेटमन, गँगमन, बुकिंग क्लार्क यांची पदे जातात. काम नाही म्हणून आज माणूस दुसरीकडे पाठवतात आणि उद्या पद सरेंडर होते. दुसरे असे की त्या गाडीत बसणारी माणसे आपलीच आहेत. चरोदा, पॉवर हाऊसला उतरणारा ठेका मजूर आपला आहे. डोंगरगडहून टोपली घेऊन येणारी भाजीवाली आपली आहे. गोंदियाला माहेरी निघालेली बहीणही आपलीच आहे.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. रायपूर-धमतरी ही छोटी लाईन. बंगाल नागपूर रेल्वेने ती 1900 साली सुरू केली. रुळांची रुंदी अडीच फूट. अभनपूरहून एक फाटा राजिमला जात होता. शंभर वर्षांहून जास्त काळ या गाडीने धमतरी-कुरुदचा शेतकरी, मजूर, विद्यार्थी रायपूरला आणला आणि राजिमच्या माघी जत्रेचे यात्रेकरू वाहिले. गाडी हळू होती, हे खरे. पण ती थेट रायपूर जंक्शनला लागत होती आणि तिचे तिकीट गरिबाला परवडत होते.

2017 साली रायपूर ते केंद्री हा शहराकडचा तुकडा बंद झाला. रूळ काढले आणि त्या जागेवर एक्सप्रेस वे नावाचा रस्ता झाला. केंद्रीपासून पुढे धमतरीकडे छोटी गाडी आणखी काही काळ धावली, मग तीही थांबली. कारण दिले ब्रॉडगेजचे. ब्रॉडगेजला आपला विरोध नाही. ती मागणी लोकांचीच होती, आपलीही होती. प्रश्न आहे तो मधल्या वर्षांचा. मोठी गाडी येईपर्यंत लोकांनी जायचे कशाने, याचे उत्तर कोणी दिले नाही. उत्तर होते बस आणि बसवाल्याचा दर.

30 मार्च 2025 रोजी पंतप्रधानांनी बिलासपूरजवळच्या सभेतून अभनपूर-रायपूर मेमूला हिरवा झेंडा दाखवला. त्याच वर्षी गाडी राजिमपर्यंत गेली. आनंद आहे, आणि मागणी लावून धरणाऱ्या गावकऱ्यांचे अभिनंदन केले पाहिजे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. धमतरीकर, ज्यांच्या नावाने ती लाईन ओळखली जात होती, ते राजिमच्या मागे राहिले. आणि नवी गाडी जुन्या वाटेने येत नाही. ती केंद्रीहून नवा रायपूर, मंदिर हसौद असा वळसा घालून येते. तेलीबांध्यासारख्या भरवस्तीतून जाणारी जुनी वाट कायमची गेली. रूळ उचलले आणि जागेवर डांबर पडले की गाडी परत येते, पण तुमच्या दारात येत नाही.

आता विदर्भाकडे बघा. इतवारी-नागभीड ही छोटी लाईन आपल्याच झोनची. कुही, उमरेड, भिवापूर या गावांची ती गाडी. नोव्हेंबर 2019 मध्ये तीही ब्रॉडगेजसाठी बंद झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये पाच वर्षे पूर्ण झाली तेव्हाही उमरेड-भिवापूरचे लोक एसटीनेच नागपूर गाठत होते. पाच वर्षांत शाळेतला मुलगा कॉलेज संपवतो. त्याला रेल्वे माहीतच नाही, मग तो रेल्वे मागेल कशाला? गाडी जास्त दिवस बंद ठेवली की मागणाराच संपतो. मग कागदावर लिहिता येते, मागणी नाही.

छोटी लाईन सोडा, आपल्या मुंबई-हावडा मेन लाईनवर काय झाले? मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे प्रवासी गाड्या थांबल्या. ते समजण्यासारखे होते. मालगाड्या मात्र एक दिवसही थांबल्या नाहीत. त्या चालवणारे आपलेच लोको पायलट, गार्ड, स्टेशन मास्तर होते. पुढे पॅसेंजर परतली ती नंबराआधी शून्य लावून, स्पेशल म्हणून. डबे तेच, वेग तोच, पण किमान तिकीट 10 रुपयांऐवजी 30. मासिक पास कित्येक महिने चालला नाही. अनेक छोटे थांबे गेले. 2022 च्या उन्हाळ्यात कोळशाच्या रेकना वाट देण्यासाठी देशभर शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द झाल्या आणि त्यात आपल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा वाटा मोठा होता. किमान भाडे परत 10 रुपये झाले ते फेब्रुवारी 2024 मध्ये. जुन्या पद्धतीचे नंबर मिळाले जानेवारी 2025 पासून. म्हणजे तात्पुरती गोष्ट चार-पाच वर्षे चालली.

कोळसा नको असे कोणी म्हणत नाही. भिलाईची भट्टी, गावातली वीज, सगळे त्यावर आहे. तिसरी लाईनही हवी, ती झाली तर मालगाडी आणि पॅसेंजर दोघींना जागा होईल. पण लाईन होईपर्यंत दर वेळी पॅसेंजरनेच बाजूला का व्हावे? तिकिटावर छापतात की प्रवासभाड्यातून खर्चाचे फक्त 57 टक्के निघतात. ठीक आहे. मग त्या 10 रुपयांच्या तिकिटावर किती माणसे कामावर पोचली, किती मुली कॉलेजात गेल्या, तेही कोणी तरी छापावे.

टपालातील साथींनो, हे तुम्हाला नवीन नाही. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. खेड्यातला माणूस कोर्टाचा कागद, जमिनीचा कागद ज्या भरवशावर पाठवत होता, ते नाव गेले आणि पुढे आली ती महाग सेवा. आमची पॅसेंजर स्पेशल झाली, तुमचे रजिस्टर स्पीड झाले. दोन्हीकडे सेवा बंद झाली असे कोणी म्हणत नाही. फक्त गरिबाचा दर बंद होतो. म्हणून ही लढाई दोघांची आहे.

आता करायचे काय? नुसते "गाडी सुरू करा" म्हणून भागत नाही. त्यावर "विचाराधीन आहे" असे उत्तर येते आणि फाईल बंद होते. आपली मागणी अशी असावी:

एक, ब्लॉकसाठी किंवा गेज बदलासाठी गाडी बंद करायची तर त्याच आदेशात ती परत सुरू करण्याची तारीख लिहा. तारीख पुढे ढकलली तर कारण जाहीर करा.

दोन, गाडी परतेल ती त्याच थांब्यांवर, त्याच दरात.

तीन, नवी वाट गावात कुठून येणार हे ठरल्याशिवाय जुने रूळ उचलू नका, जागा दुसऱ्या कामाला देऊ नका.

चार, बंद काळात त्या लाईनवरची पदे सरेंडर करू नका.

आणि आपल्या बाजूने काय करायचे तेही ऐका. गाडी सुरू झाली की तिचा हिशेब तिकीटविक्रीवरून होतो. पासावर जाणारा रेल्वे कर्मचारी त्या विक्रीत दिसत नाही. फुकट्या तर कुठेच दिसत नाही. डबा खचाखच भरलेला आणि कागदावर गाडी रिकामी, असे होते. म्हणून प्रत्येक शाखेने गावात सांगावे, दहा रुपयांचे तिकीट काढा, ते तिकीट म्हणजे गाडी चालू राहण्यासाठी दिलेले मत आहे. ग्रामपंचायतींचे ठराव घ्या, डीआरएमना निवेदन द्या, माहितीच्या अधिकारात बंद थांब्यांची यादी मागा. पोस्टमन भावांनो, गावातले घर न् घर तुम्ही ओळखता. कोण कोणत्या गाडीने कुठे जात होता, हे तुमच्याइतके कोणाला माहीत नाही. ती यादी करायला आम्हाला मदत करा.

राजिमची गाडी परत आली, म्हणजे गाड्या परत येतात. धमतरी आणि नागभीडसाठी तारीख मागायची आहे, आणि ती लेखी मागायची आहे. एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!