जिभेखालचा लगाम

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



जिभेविषयीं आपल्या भाषेंत तक्रारी पुष्कळ. ती घसरते, सैल सुटते, तिला हाड नसतें. कांहीं अर्भकांची जीभ मात्र याच्या उलट, जन्मतःच बांधलेली असते. तिच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी वैद्य नव्हे. पस्तीस वर्षें मुलांना वर्णमाला आणि व्याकरण शिकविणारा शाळामास्तर आहे. परंतु "मास्तर, याची जीभ चिकटलेली आहे, कापून घ्यावी काय?" असें आईबाप डॉक्टरांप्रमाणें मलाहि विचारीत आले. म्हणून या विषयावर वैद्यांनीं जें लिहिलें आहे, तें मीं निवृत्तीनंतरच्या फुरसतींत आस्थेनें वाचलें.

आरशासमोर जीभ टाळूकडे उचलली, म्हणजे तिच्या खालीं मधोमध एक पातळ पडदा दिसतो. लॅटिन भाषेंत त्याला 'फ्रेन्युलम' म्हणतात. त्याचा अर्थ लहानसा लगाम. न्यूझीलंडमधील संशोधकांनीं २०१९ सालीं दाखवून दिलें कीं, हा कांहीं स्वतंत्र दोर नव्हे. तोंडाच्या तळावर पसरलेल्या पापुद्र्याचीच ती उभी घडी होय. जिभेच्या मज्जातंतूच्या बारीक शाखाहि तिच्या अगदीं लगत असतात. तेव्हां पडदा दिसणें हा दोष नव्हे. तो फार आंखूड, जाड किंवा जिभेच्या शेंड्यापर्यंत आलेला असेल, आणि त्यामुळें जिभेचें काम अडत असेल, तरच ती जीभ बांधलेली म्हणावी. अशा मुलानें जीभ बाहेर काढूं म्हटलें तर शेंड्याला खांच पडून पत्त्यांतील बदामासारखा आकार होतो.

जिभेचें पहिलें काम बोलणें नव्हे, दूध पिणें हें आहे. अंगावर पितांना अर्भक जीभ खालच्या हिरडीवर आणून स्तनाला खालून पन्हाळीसारखें कवटाळतें. मग जिभेचा मधला भाग खालीं जाऊन तोंडांत पोकळी होते आणि दूध ओढलें जातें. जीभ हिरडीपर्यंत येऊंच शकली नाहीं, तर हिरड्याच स्तनाग्राला चिमटूं लागतात. आईला चिरा पडतात, मूल वारंवार सुटतें, टकटक असा आवाज होतो, आणि तासभर अंगावर असूनहि तें उपाशीं राहतें. पहिल्या कांहीं दिवसांत वजन थोडें उतरणें स्वाभाविक आहे. परंतु सुमारें दोन आठवड्यांत जन्माचें वजन भरून यावें. तें न आलें, तर विलंब करूं नये.

मात्र प्रथम जाणत्या परिचारिकेनें किंवा डॉक्टरांनीं एक संपूर्ण पाजणें शेजारीं बसून पाहावें. मूल घेण्याची रीत बदलतांच पुष्कळदां त्रास मिटतो. तरीहि अडचण राहिली आणि पडदा खरोखरच आड येत असला, तर उपाय लहान आहे. अर्भकाला दुपट्यांत गुंडाळून, जीभ उचलून, बोथट टोंकाच्या कात्रीनें पडदा कापतात. कांहीं क्षणांचें काम; रक्ताचे चार थेंब येतात आणि मूल लगेच आईजवळ देतात. त्यापूर्वीं अर्भकाला के जीवनसत्त्वाची सुई दिलेली आहे कीं नाहीं, घराण्यांत रक्त न थांबण्याचा विकार आहे काय, हें अवश्य सांगावें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, लेसर कात्रीपेक्षां सरस असल्याचा पुरावा नाहीं, आणि कापल्यानंतर जखम बोटानें ताणीत राहण्याचीहि शिफारस नाहीं.

या उपायाचा गुण किती? पांच प्रयोगांतील ३०२ अर्भकांचा एकत्रित आढावा २०१७ सालीं निघाला. आईच्या वेदना निदान थोड्या काळापुरत्या कमी होतात, असें त्यांत दिसलें. मुलाचें पिणें हमखास सुधारतें, असें मात्र सिद्ध झालें नाहीं. असें असूनहि कापण्याची लाट आलीच. अमेरिकेंतील रुग्णालयांत हें निदान १९९७ सालीं ३,९३४ अर्भकांत झालें होतें; २०१२ सालीं तो आंकडा ३२,८३७ वर गेला. पंधरा वर्षांत तेथील मुलांच्या जिभा कांहीं आठपट आंखूड झाल्या नाहींत; पाहणारांची नजर बदलली. अंगावर पाजण्याचा आग्रह वाढला, तसें जिभेकडे लक्ष गेलें हें चांगलेंच. पण लक्ष जाणें निराळें आणि कात्री चालविणें निराळें.

वरच्या ओठाच्या पडद्याची गोष्ट तीच. ओठ उचलून पाहिल्यास जवळजवळ प्रत्येक नवजात अर्भकाला तो असतो. पुढील दोन दांतांत फट दिसली म्हणून तो कापण्याची घाई करूं नये. कायमचे सुळे येईपर्यंत, म्हणजे अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत, ती फट बहुधा आपोआप भरून येते. गालांच्या आंतील पडदे तर कापूंच नयेत, असें अमेरिकेंतील कान-नाक-घसा-तज्ज्ञांच्या संस्थेनें २०२० सालीं स्पष्ट सांगितलें.

आतां बोलण्याविषयीं. येथें आपली वर्णमालाच उत्तम परीक्षक आहे. जिभेचा शेंडा उचलावा लागतो तो त, थ, द, ध, न, ल यांना, र ला, आणि वर वळवावा लागतो तो ट, ठ, ड, ढ, ण, ळ यांना. जीभ फार बांधलेली असेल तर अडखळण्याचा संभव तो मुख्यतः अशा वर्णांत. प, ब, म हे ओठांचे, आणि क, ग हे जिभेच्या मुळाचे. आतां आई, बाबा, मामा, काका हे शब्द म्हणून पाहा. यांतील एकालाहि शेंडा उचलावा लागत नाहीं! म्हणजे दोन वर्षांचें मूल हे शब्दहि बोलत नसेल, तर त्याचा दोष जिभेखालच्या पडद्यावर घालतां येत नाहीं. र आणि ळ पुष्कळ मुलांना उशिरां साधतात, हेंहि ध्यानांत असावें.

रोमन ग्रंथकार सेल्सस यानें पहिल्या शतकांत हेंच पाहिलें होतें. पडदा कापल्यावर एकाची जीभ दांतांबाहेर खुशाल येऊं लागली, पण त्याला बोलतां कांहीं आलें नाहीं, असें त्यानें नमूद केलें आहे.

माझ्या शाळेंत सहाव्या वर्षीं आलेली एक मुलगी मला आठवते. ती बोलत नाहीं म्हणून दुसऱ्या वर्षीं तिची जीभ कापविली होती, आणि आतां शब्द फुटतील म्हणून घरचीं माणसें वाट पाहत राहिलीं. वेखंड मधांत उगाळून चोळून झालें. वर्गांत माझें तोंड दिसत असे तोंवर ती सर्व कांहीं करी. मी फळ्याकडे वळून नांव पुकारलें कीं तिला त्याचा पत्ताच नसे. तपासणी झाली तेव्हां कळलें कीं तिला दोन्ही कानांनीं फारच कमी ऐकूं येतें. पुढें यंत्र मिळालें, अक्षर तर सबंध वर्गांत तिचेंच सुंदर होतें. परंतु भाषा कानांतून शिकण्याचीं वर्षें निघून गेलीं तीं गेलीं.

हें आज टळण्याजोगें आहे. पहिल्या महिन्यांत कानांची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास आरंभ, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नांवानें १९८३ पासून चालणारी राष्ट्रीय संस्था याच कामासाठीं आहे. वेखंडानें पडदा सैल होत नाहीं. आणि एक वर्षाच्या आंतील मुलाला मध तर मुळींच देऊं नये, त्यानें क्वचित् प्राणघातक विषबाधा होते.

मोठ्या मुलाची जीभ खरोखरच अडत असेल, दांतांवरून फिरत नसेल, ओठ चाटतां येत नसेल, तर वाचा-उपचारकाचें मत घेऊन मगच शस्त्रक्रियेचा विचार करावा. त्या वयांत बहुधा भूल द्यावी लागते. आणि तोंवर घरांत किंवा वर्गांत त्याच्या ळ ची नक्कल कोणीं करूं नये. नकलेला भिऊन मूल जें गप्प बसतें, तें कोणत्याहि कात्रीनें बोलतें होत नाहीं.

एवढेंच मागणें आहे: तान्ह्याला पितां येत नसेल तर आठवडे घालवूं नका, आणि मूल बोलत नसेल तर जिभेखालीं डोकावण्यापूर्वीं त्याचे कान तपासून घ्या.