विरळ हवेचा मुलूख

सोमाटणे फाट्यावर उतरून मान वर केली की चौराईदेवीचा डोंगर दिसतो. आमच्या गावची पोरे हा डोंगर म्हणजे घरची ओसरीच समजतात. एका दमात वर, देवीला हात जोडले की तसेच पळत खाली. पाऊस उघडला की लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची आहेतच. मावळातल्या माणसाला डोंगराचे भय ते कसले! हा अभिमान खोटा नाही. पण एवढ्याच भांडवलावर माणूस एका वेगळ्या मुलखात गेला तर काय होते, ते मला आज तुम्हांला सांगायचे आहे.

हा मुलूख म्हणजे लडाखमधले चांगथांग. ‘चांगथांग’ या तिबेटी शब्दाचा अर्थच उत्तरेचे माळरान. हिमालयाची मुख्य रांग ओलांडली की हे पठार लागते, आणि पुढे तिबेटात ते शेकडो कोस पसरत जाते. माळरान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तळेगावचा माळ येईल. पण हा माळ समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. आपला लोहगड हजार मीटरच्या थोडा वर आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवावी, तिच्यावर आणखी पाऊण कळसूबाई ठेवावी, तेव्हा कुठे त्या माळाची जमीन लागते. डोंगर तिथून पुढे सुरू होतात!

वस्ती म्हणाल तर फारच विरळ. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे पुणे जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सहाशे माणसे होती. लडाखमध्ये पाचसुद्धा भरत नव्हती. पावसाचेही तसेच. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तर लेहला जेमतेम शंभर. झाड नाही, सावली नाही. दुपारी उन्हाने गाल भाजतात आणि सूर्य डोंगराआड गेला की बाटलीतले पाणी गोठू लागते.

आता तुम्ही म्हणाल, थंडी आहे तर दोन घोंगड्या जास्त घेऊ. खरे आहे, थंडीवर घोंगडी चालते. पण तिथे खरी टंचाई असते ती हवेची.

हवा आहे, पण विरळ आहे. इथे आपल्या डोक्यावर हवेचा जेवढा थर आहे, तेवढा तिथे नाही. त्यामुळे हवेचा दाब कमी पडतो. हवेतले प्राणवायूचे प्रमाण तेच, शंभरात एकवीस भाग. पण हवाच कमी दाबाची, म्हणून इथे एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो त्याच्या साधारण सहा दशांशच तिथे मिळतो. पोटभर जेवणाऱ्या गड्याला एकदम निम्म्याच्या थोड्या वर शिध्यावर ठेवले आणि वर औताला जुंपले तर काय होईल? तसेच काहीसे शरीराचे होते.

शिक्षकमंडळींना वर्गात सांगण्याजोगी एक गोष्ट इथे सांगतो. आपल्याकडे पाणी सुमारे शंभर अंशांवर उकळते. चांगथांगात दाब कमी असल्याने ते पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळू लागते. पाणी खळखळा उकळते आहे, वाफ निघते आहे, पण डाळ काही शिजत नाही! तिथे प्रेशर कुकर ही चैनीची वस्तू नव्हे, गरजेची आहे. त्या लोकांचे रोजचे खाणे त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ. लोणी-मीठ घातलेल्या चहात कालवले की झाले जेवण. आपल्या सातूच्या पिठाचा हा सख्खा भाऊच. दाणे आधीच भाजलेले, म्हणून शिजवण्याची कटकट नाही. त्या मुलखाचे शहाणपण असे त्यांच्या परातीत दिसते.

आता आमच्या फजितीची हकीकत सांगतो. फजितीच म्हणायची, पण थोडक्यात चुकले नसते तर तिला दुसरे नाव द्यावे लागले असते.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाचजण सोमाटण्याहून निघालो. लेहपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर रुम्त्से नावाचे गाव आहे. तिथून चालत त्सोकर सरोवर, आणि पुढे त्सोमोरीरी सरोवराच्या काठचे कोरझोक गाव, अशी सात-आठ दिवसांची वाट. मधल्या खिंडी पाच हजार मीटरच्या वर. आमच्यात सर्वांत धडधाकट होता एक तरुण पैलवान. जत्रेत कुस्त्या मारलेला, पाठीवर पोते टाकून डोंगर चढणारा. त्याची काळजी करण्याचे कुणाच्या मनातही आले नाही.

पहिली चूक म्हणजे घाई. रजा मोजकी, म्हणून मनालीच्या वाटेने गेलो. मनाली दोन हजार मीटरवर आणि पहिला मुक्काम सरचूला, जवळजवळ चार हजार तीनशे मीटरवर. एका दिवसात एवढी चढ! त्या रात्री सगळ्यांचीच डोकी ठणकली. लेहला दोन-तीन दिवस स्वस्थ पडून राहायचे, तर आम्ही एका रात्रीत आवरले आणि रुम्त्से गाठले.

दुसरी चूक पहिलीहून मोठी. पैलवानाचे डोके सरचूपासून दुखत होते ते थांबलेच नव्हते. जेवण जात नव्हते, झोप नव्हती. पण गडी बोलला नाही. चाळिशी उलटलेले आम्ही दोघे शिक्षक चालतो आहोत, आणि मी पैलवान, मी कसे म्हणू की मला होत नाही? रुम्त्सेहून निघून ओढ्याकाठी पहिला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पहिली खिंड चढायची होती.

रात्री दोनच्या सुमारास तो तंबूबाहेर गेला आणि लवकर आला नाही. बॅटरी घेऊन पाहिले, तर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. विचारले एक तर सांगत होता भलतेच. आमचा घोडेवाला लडाखी, वयस्क माणूस. त्याने जमिनीवर काठीने एक रेघ ओढली आणि टाचेला अंगठा लावत तिच्यावरून चालायला सांगितले. आखाड्यात कुणाला न हटलेला तो गडी दोन पावलांत कलंडला.

घोडेवाला म्हणाला, आत्ताच्या आत्ता खाली. आम्ही म्हणालो, अंधार आहे, थंडी आहे, उजाडल्यावर बघू. शिवाय मनात आणखीही काही होते, ते आज कबूल करतो. साठवलेले पैसे, मिळवलेली रजा, गावाने केलेला सत्कार! पहिल्याच मुक्कामावरून परत गेलो तर फाट्यावर तोंड कसे दाखवायचे? म्हातारा काही बोलला नाही. त्याने सरळ घोड्यावरचे सामान उतरवले आणि पैलवानाला वर बसवले. आम्ही गुमान मागे निघालो.

उजाडता उजाडता रुम्त्सेला पोहोचलो. गाडी मिळाली. तिथून सिंधूच्या काठच्या उपशीपर्यंत रस्ता सारखा उतरत जातो. जसजसे खाली येत गेलो तसतसा गडी भानावर येऊ लागला. लेहच्या रुग्णालयात प्राणवायू दिला, औषध दिले. डॉक्टर एवढेच म्हणाले की, मेंदूला सूज येऊ लागली होती. सकाळपर्यंत वर थांबला असतात तर सांगता येत नव्हते.

श्रोतेहो, हे काही आमच्यावरच आलेले नवल नव्हे. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी आपल्या हजारो जवानांना सपाटीवरून उचलून थेट या उंचीवर न्यावे लागले. निवडक, कसलेले जवान, पण कित्येकांना या हवेने गाठले. सेनेच्या डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास केला आणि डॉक्टर इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९६९ साली प्रसिद्ध केला. या विषयात जगाने त्याची दखल घेतली. म्हणजे हे ज्ञान आपल्याच जवानांनी आपल्या श्वासाची किंमत मोजून मिळवलेले आहे. ते वापरले नाही तर दोष आपला.

या आजाराचा मोठा धडा असा की ताकद आणि तालीम यांपासून वाचवत नाही. उलट ताकदीचा माणूस भरभर चढतो आणि दुखणे लपवतो, म्हणून त्यालाच धोका जास्त. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात आणि ते दिवस पैशाने किंवा जिद्दीने विकत मिळत नाहीत.

म्हणून चार गोष्टी गाठीला बांधा. तीन हजार मीटरच्या वर गेलात की रोजचा झोपण्याचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त वर नसावा, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. दुसरी, डोके दुखत असेल, मळमळत असेल तर वर जाऊ नये. आहे तिथेच थांबावे. तिसरी, बसल्या जागी धाप लागली, खोकल्याबरोबर फेस येऊ लागला, किंवा माणूस झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, तर रात्र असो की बर्फ असो, त्याला सोबत देऊन ताबडतोब खाली न्यावे. खाली उतरणे हेच पहिले औषध. गोळ्या आणि प्राणवायू त्याच्या मदतीला. आणि चौथी, निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे. काय घ्यावे, काय घेऊ नये, ते त्यांनाच विचारावे.

मोठे गिर्यारोहक हेच करतात. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ साली एव्हरेस्टवर पोहोचले. पुण्याच्याच गिरिप्रेमी संस्थेचे आठ गडी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली मे २०१२ मध्ये त्याच शिखरावर गेले, आणि २०१९ साली याच संस्थेच्या दहाजणांनी कांचनजंगा गाठले. अशा शिखरांवर कुणी सरळ चढून जात नाही. वर जायचे, पुन्हा खाली झोपायला यायचे, पुन्हा थोडे आणखी वर जायचे. आठवडेच्या आठवडे अशा खेपा घालाव्या लागतात, तेव्हा शेवटचा एक दिवस हाती येतो. उतरणे हा चढण्याचाच भाग आहे.

आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. या वेळी श्रीनगर, कारगिलच्या वाटेने, हळूहळू. लेहला चार दिवस नुसते बसून राहिलो. पैलवान बरोबर होता आणि रोज सकाळी सर्वांत आधी त्यालाच विचारत होतो, “खरे सांग, डोके कसे आहे?” आठव्या दिवशी शेवटची खिंड उतरलो आणि खाली त्सोमोरीरीचे निळे पाणी पसरलेले दिसले. कुणी ओरडले नाही. ओरडायला दमही नव्हता म्हणा!

त्या काठावर चांगपा लोक राहतात. हे तिथले धनगरच. याकच्या केसांचा काळा तंबू, त्याला ते रेबो म्हणतात. शेळ्या, मेंढ्या, याक हेच त्यांचे धन. गवत संपले की बिऱ्हाड पाठीवर टाकून पुढच्या कुरणावर जायचे. त्या शेळ्यांच्या अंगची मऊ लव म्हणजे पश्मीना. हिवाळ्यात शून्याखाली तीस अंशांपर्यंत पारा उतरतो, तरी ते तिथेच असतात. आपण आठ दिवसांचे धाडस म्हणतो ते त्यांचे बारमाही घर आहे. म्हणून तिथे जाणाऱ्याने त्यांच्या कुरणावर तंबू ठोकण्यापूर्वी विचारावे, कचरा परत आणावा आणि रानगाढवांच्या, म्हणजे कियांगच्या, मागे गाडी पळवू नये.

त्याच काठावर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस पाहिले. हे पक्षी उन्हाळ्यात तिथे अंडी घालतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली भारतात उतरतात. आपल्या उजनीच्या पाणलोटात भिगवणजवळ याच जातीचे हंस दर हिवाळ्यात दिसतात. पिल्ले मोठी झाली, थंडी पडली की खाली यायचे. ऊन तापले की परत वर. त्यांच्यात कुणी हट्टाने मागे राहत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्ही मुलांना डोंगरावर नेता. जरूर न्या; चौराईपासून सुरुवात करा. पण एक गोष्ट पहिल्याच सहलीत शिकवा. “गुरुजी, मला होत नाही,” असे म्हणणाऱ्या मुलाला कुणी हसायचे नाही. ते वाक्य बोलायला आमच्या पैलवानाला चार दिवस लागले आणि तेवढ्यात त्याचा जीव जात होता. जो मुलगा लोहगडाच्या पायऱ्यांवर हे निर्भयपणे म्हणू शकेल, तोच उद्या उत्तरेच्या त्या माळरानावर जाऊन सुखरूप घरी येईल.