वस्तीतलं नाटक गावात आणा



स्वागताध्यक्ष म्हणाले, साहित्य माणसं जोडतं. जोडत असेल. आपल्या नाटकवाल्यांनी कुणाला दाराबाहेर ठेवलं, ते मी सांगणार आहे. कुणाला राग आला तर यावा.

दर ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, त्याची आठवण म्हणून. करायलाच हवा. पण पुढे बारा वर्षांनी, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते नाकारलं. छापून कधी आलं? १९७९ साली! सव्वाशे वर्षं हे नाटक वेशीबाहेर बसून होतं. त्याच्या नावाने नारळ फोडणारं नाट्यगृह मला दाखवा.

दक्षिण आफ्रिकेचा नाटककार अॅथॉल फुगार्ड मात्र आपल्याला चालतो. १९६१ साली त्याच्या 'ब्लड नॉट' या नाटकात तो गोरा आणि झेक्स मोकाए काळा, दोघे भाऊ म्हणून एका रंगमंचावर उभे राहिले. पुढे सरकारने फुगार्डचा पासपोर्ट काढून घेतला. आपण टाळ्या वाजवतो, कारण वर्णभेदी सरकार लांबचं होतं. टाळ्यांना पैसे पडत नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिंपळगावच्या प्रेमानंद गज्वींनी १९७७ साली 'घोटभर पाणी' ही एकांकिका लिहिली. तिलाही दोनच नट लागतात. तेच भूमिका बदलत जातात आणि पाणी मागत राहतात. मग 'किरवंत' आलं. मर्तिकाची क्रिया करतो म्हणून ब्राह्मणांनीच दूर ठेवलेल्या ब्राह्मणाचं नाटक! डॉ. श्रीराम लागूंनी ते रंगभूमीवर आणलं. अस्पृश्यता फक्त महारवाड्यात राहते असं समजणाऱ्यांना ही चपराक होती. २०१९ साली नागपूरच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद गज्वींना मिळालं, हारतुरे झाले. पण त्यांची नाटकं अजून 'दलित रंगभूमी'च्या फडताळात. ते स्वतः बोधी रंगभूमी म्हणतात, ज्ञानासाठी कला म्हणतात. ऐकतो कोण? वर्णभेदावर लिहिलं की जागतिक, जातिभेदावर लिहिलं की दलित. हा हिशेब कुठल्या शाळेतला?

आता आपल्या मावळाकडे येतो. खुर्च्या सरकवू नका.

९ ऑगस्ट २०११. पवना धरणाचं पाणी बंद पाइपातून नेऊ नका म्हणून आपली माणसं बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरली. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. पाण्यासाठी जीव देणाऱ्या तालुक्याला 'घोटभर पाणी' समजावून सांगायची गरज नाही. पण धरणाच्या पाण्यावरचा आपला हक्क ओरडून सांगणाऱ्या गावकीने, गावातली स्मशानभूमी सगळ्यांची एकच आहे का, हेही सांगावं. आहे, असं छातीठोक म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत. मी मोजतो.

कार्ल्याची आणि भाज्याची लेणी आपण पाहुण्यांना दाखवतो. तळेगावात बाबासाहेबांचं घर आहे. १९५४ साली देहूरोडला त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. हा वारसा स्मरणिकेत छापायला आपल्याला फार आवडतो. आजच्याही स्मरणिकेत आहे. मुखपृष्ठ बरं झालंय. पण गज्वींचं नाटक लावायचं म्हटलं की ते १४ एप्रिलला, वस्तीत, वस्तीच्या वर्गणीतून. जत्रेच्या मांडवात ऑर्केस्ट्रा चालतो, लाखाची सुपारी चालते. तिथे 'घोटभर पाणी' का नाही? पैसे नाहीत म्हणू नका. नट दोन. नाट्यगृह नाही म्हणू नका. देवळासमोरचा पार पुरतो. प्रेक्षक येणार नाहीत म्हणता? येतील म्हणूनच तर तुम्ही घाबरता.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. येत्या चैत्रात मावळातल्या एका तरी गावाच्या यात्रा कमिटीने, गावकीच्या वर्गणीतून, जत्रेच्या रात्री, देवळासमोर ही एकांकिका लावावी. माझ्या मानधनाचं पाकीट हे इथे टेबलावर ठेवतो, ते पहिली वर्गणी म्हणून धरा. समोर चार सरपंच आणि दोन कमिट्यांचे अध्यक्ष बसलेत. आभारप्रदर्शन अजून झालेलं नाही. गावाचं नाव कोण देतंय?