अंदाज आणि माप

प्रसूतिगृहात मूल रडले, की बाहेर ताटकळलेल्या नातलगांचा जीव भांड्यात पडतो. अनुभवी परिचारिकेचे लक्ष मात्र त्या क्षणी मुलाइतकेच मातेकडेही असते. बाळंतपणानंतरचा पहिला तास मोठा फसवा आहे. गर्भाशय वेळेवर आकुंचन पावले नाही तर रक्त वाहू लागते. बाळंतीण निपचित पडून राहते, तक्रार करीत नाही, आणि ती थकली असेल असे सर्वांना वाटते. नैसर्गिक प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले तर वैद्यकशास्त्र त्यास अतिरक्तस्राव म्हणते. पण तेवढे रक्त गेले हे ओळखावयाचे कशावरून? चादरीत, कापडात आणि जमिनीवर पसरलेल्या रक्ताचा डोळ्यांनी अंदाज करावयाचा, हीच सर्वत्र रीत होती.

रुग्णालयांची सुधारणा म्हटली, की नवी इमारत, नवे यंत्र आणि अधिक खाटा डोळ्यांपुढे येतात. त्यांची गरज कोणी नाकारणार नाही. १९५७ साली हुबळीस वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाने धारवाड, गदग, हावेरी ह्या भागांतील गोरगरिबांची केवढी सोय केली, हे हुबळी-धारवाडच्या नागरिकांना सांगावयास नको. दूरच्या तालुक्यांतून अडलेल्या बाळंतिणी तेथे आणल्या जातात. परंतु त्यांपैकी एखादीचा जीव वाचणे हे पुष्कळदा तिच्या गावच्या नर्सबाईने धोका किती लवकर ओळखला, ह्यावर अवलंबून असते. सुरक्षिततेचा पहिला पहारेकरी खाटेशी उभा असतो. त्याच्या हाती काय दिले आहे, हा खरा प्रश्न होय.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर धारवाडच्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातून मिळाले. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ ह्या काळात तेथील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत एक अभ्यास झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. भालचंद्र कोडकणी आणि त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकेतील संशोधक त्यात सहभागी होते. परंतु प्रत्यक्ष काम केले ते सहायक परिचारिका-प्रसाविकांनी. घरी किंवा उपकेंद्रात प्रसूत झालेल्या १६२० स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना त्यांनी मिसोप्रोस्टॉल ह्या औषधाच्या गोळ्या दिल्या आणि बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या निरौषध गोळ्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्के होते, ते औषध घेणाऱ्यांत ६.४ टक्क्यांवर आले. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने अतिरक्तस्राव टाळण्याच्या ह्या उपयोगासाठी ते औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

हा निष्कर्ष काढता आला, कारण रक्त प्रत्यक्ष मोजले गेले. त्यासाठी प्लॅस्टिकचा एक साधा पडदा तयार करण्यात आला होता. तो बाळंतिणीच्या कमरेखाली पसरावयाचा; त्याच्या खालच्या नरसाळ्यासारख्या पिशवीत रक्त जमते आणि पिशवीवरील खुणांवरून त्याचे माप कळते. पडद्याचे माप आणि डोळ्यांचा अंदाज ह्यांची तुलना केली तेव्हा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरला. तीन वाटी रक्त गेले असता डोळा दोनच वाट्या सांगत होता! ह्यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. मनुष्याच्या दृष्टीची ती मर्यादाच आहे. मात्र त्या हरवलेल्या तिसऱ्या वाटीत कित्येक मातांचे प्राण गेले असतील.

अशाच पिशवीचा मोठा उपयोग पुढे आफ्रिकेत झाला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया ह्या देशांतील ८० रुग्णालयांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. रक्त मोजावयाचे आणि धोक्याची खूण येताच गर्भाशयाचे मर्दन, औषधे, शिरेतून द्रव व तपासणी हे सर्व उपाय एकदमच योजावयाचे, अशी ती पद्धत होती. तिने तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे ओढवणारा मृत्यू ह्या आपत्तींचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले.

तथापि, एखादे साधन हाती आले म्हणजे काम संपले, असे समजणे घातक ठरेल. सुरक्षित प्रसूतीसाठी आवश्यक अशा २९ कृतींची पडताळणी करणाऱ्या एका सूचीचा प्रयोग २०१० साली कर्नाटकातीलच एका प्रसूतिकेंद्रात झाला. आधी त्यांपैकी सरासरी १० कृती होत असत. सूची आल्यावर २५ होऊ लागल्या. मग हीच सूची उत्तर प्रदेशातील १२० केंद्रांच्या मोठ्या प्रयोगात घेतली गेली. त्यांपैकी निम्म्या केंद्रांत शिक्षक आठ महिने येऊन कर्मचाऱ्यांना मार्गदर्शन करीत. आरंभी दोन महिन्यांनी ७३ टक्के आवश्यक कृती होत होत्या. शिक्षकांचे येणे थांबले आणि बाराव्या महिन्यास हे प्रमाण ६२ टक्क्यांवर उतरले. माता व अर्भकांच्या मृत्यूंत तर लक्षणीय घट दिसलीच नाही.

ह्या अपयशाचा बोध यशाइतकाच मोलाचा आहे. कागदावर खूण केल्याने कपाटातील संपलेले औषध परत येत नाही, की न शिकलेले कौशल्य हातात उतरत नाही. सुधारणा बाहेरून आली, तर बाहेरच्या माणसाबरोबर ती परतही जाते. ती टिकावयाची तर त्या कक्षातील माणसांची झाली पाहिजे. केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये प्रसूतिकक्षांसाठी जो 'लक्ष्य' उपक्रम सुरू केला, त्यात ह्याच विचाराने डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी ह्यांच्या गुणवत्ता मंडळांस स्थान दिले आहे. एक अडचण निवडावी, तिचे कारण शोधावे, एक लहानसा बदल करून पाहावा, त्याचा परिणाम मोजावा आणि उपयोगी ठरेल तो नित्याचा करावा, अशी ही साधी रीत आहे.

ती केवळ प्रसूतिकक्षापुरतीच नाही. २०१६ च्या नियमांनुसार रुग्णालयातील कचरा पिवळा, लाल, पांढरा आणि निळा अशा चार रंगांत विभागला जातो. सुई पांढऱ्या डब्याऐवजी पिशवीत पडली, तर ती टोचते सफाई कामगाराच्या हाताला. लाल पिशवीतील प्लॅस्टिक निर्जंतुक करून पुन्हा वापरात आणता येते. तेच पिवळ्या पिशवीत गेले तर जाळले जाते आणि त्याचा धूर सर्व गावाच्या वाट्यास येतो. ही चूक कोठे होते, हे वरिष्ठांच्या दालनातून दिसत नाही. पिशवी उचलणाऱ्यास ते अचूक ठाऊक असते. त्याला मात्र कोणी विचारीत नाही!

तेव्हा रुग्णालयाच्या चालकांवर दोन कर्तव्ये येतात. खाटेशी असलेल्या माणसाने मोजलेले निर्भयपणे सांगावे, चूक नोंदविणाऱ्यास शिक्षेचे भय नसावे, हे पहिले. त्याने मागितलेले औषध, हातमोजा वा डबा वेळेवर पोहोचावा, हे दुसरे. ह्यांतील एक जरी चुकले, तरी नोंदवह्या भरत राहतील आणि खाटेवरची माणसे मात्र तशीच दगावत राहतील.

नव्या इमारतीच्या कोनशिलेवर मान्यवरांची नावे कोरली जातात. पिशवीवरील खूण पाहून वेळीच हाक मारणाऱ्या नर्सबाईचे नाव कोठेही कोरले जात नाही. ते ठाऊक असते फक्त मूल कुशीत घेऊन घरी परतणाऱ्या एका मातेला.