इंग्रजी विषय घेऊन पदवीधर होणाऱ्यांस सल्ला
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधी चढलो नाही. मॅट्रिक झालो आणि शिक्षकाची नोकरी पत्करली. असे असता पदवी-शिक्षणाविषयी मी बोलावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु निवृत्तीनंतर मंडळाच्या शिष्यवृत्तीचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे आले, व त्या निमित्ताने मुलांशी बोलताना जे आढळले ते आपल्यापुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

इंग्रजी हा मुख्य विषय घेणारी मुलेमुली दरवर्षी भेटतात. का घेतला, असे विचारल्यास बहुधा एकच उत्तर मिळते : "इंग्रजी बोलता यावे म्हणून." हे ऐकून मला काळजी वाटते. त्या अभ्यासक्रमात शिकवितात ते मुख्यतः साहित्य. शेक्सपिअरची नाटके, काव्य, कादंबरी, ॲरिस्टॉटलपासूनची समीक्षा, भारतीयांचे इंग्रजी लेखन, आणि जोडीला थोडे भाषाविज्ञान. बँकेच्या खिडकीवर बोलावयाची इंग्रजी हॅम्लेटच्या स्वगतातून येत नाही. तिच्यासाठी चांगला संभाषणवर्ग पुरे. ज्याला मराठी कादंबरी वाचण्याचाही कंटाळा, त्याने केवळ प्रतिष्ठेपायी या वाटेस जाऊ नये. उलट ज्याला वाचनाची खरी गोडी आहे, त्याला "याने पोट भरत नाही" म्हणून पालकांनी अडवूही नये. विंदा करंदीकरांनी अनेक वर्षे इंग्रजीचे अध्यापन केले, आणि 'किंग लिअर' व ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र त्यांनीच मराठीत आणले. भालचंद्र नेमाडे हेही इंग्रजीचेच प्राध्यापक. दोघांसही ज्ञानपीठ मिळाले. इंग्रजी घेतली की मराठी सुटते, असे म्हणणाऱ्या मंडळींनी याचा विचार करावा.

पूर्वी विद्यार्थ्यापुढे निवड थोडी होती, म्हणून चुकण्यासही वाव थोडा होता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवी रचना आली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, त्यांचे श्रेयांक. शिवाय तीन वर्षांनी पदवी घ्यावयाची की चौथे वर्ष करून ऑनर्स व्हावयाचे, हाही प्रश्न. चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरावयाची तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण हवेत. हे सारे बारावी झालेल्या पोराने प्रवेशाच्या रांगेत उभे राहून ठरवावयाचे!

अमेरिकेत हा प्रश्न फार पूर्वीच उभा राहिला होता. चार्ल्स इलियट 1869 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले व त्यांनी ठराविक अभ्यासक्रमाऐवजी ऐच्छिक विषयांची पद्धत वाढविली. निवड वाढली तशी मार्गदर्शनाची गरजही वाढली, आणि 1889 मध्ये तेथे नवागतांसाठी सल्लागार मंडळ नेमले गेले. आज तेथील विद्यापीठांत इंग्रजीच्या विद्यार्थ्याला सल्लागार असतो. कोणते विषय झाले, कोणते राहिले, पुढे काय करावयाचे, याचा हिशेब त्याच्यासमोर बसून होतो. आपल्याकडे निवड आली. सल्लागार मात्र मी पाहिलेल्या मुलांना तरी भेटलेला नाही.

त्याची किंमत काय पडते ते सांगतो. आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा इंग्रजी घेऊन एम. ए. झाला. 53 टक्के गुण मिळाले, घरी पेढे वाटले. प्राध्यापक होण्याच्या इच्छेने सेटचा अर्ज भरावयास बसला, तेव्हा कळले की खुल्या प्रवर्गास एम. ए.ला 55 टक्के लागतात. पाच वर्षांत एवढा एक आकडा त्याला कोणी सांगितला नव्हता. वडिलांनी त्याच्या शिक्षणासाठी दुकानाचा अर्धा गाळा विकला होता. दोन टक्के म्हणजे काय, हे त्या घरात जाऊन पाहावे.

शाळेत शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने पदवीला 50 टक्क्यांच्या खाली जाऊ नये. राखीव प्रवर्गास सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. दुय्यम विषय मित्राने घेतला म्हणून घेऊ नये. शाळेतील शिक्षकास पुष्कळदा दोन विषय शिकवावे लागतात. तेव्हा मराठी, हिंदी वा इतिहास जोडीस असणे उपयोगी पडते. अनुवादाकडे वळावयाचे असेल तर मराठीसारखा दुसरा जोडीदार नाही. भाषाविज्ञान व भाषाध्यापन यांची आवड असणाऱ्यांनी हैदराबादच्या इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठाची चौकशी अवश्य करावी. 1958 साली ती संस्था स्थापन झाली व 2007 मध्ये तिचे केंद्रीय विद्यापीठ झाले. आणि गाईड वाचून उत्तीर्ण होता येते हे मला ठाऊक आहे, तरी दर सत्रात नेमलेल्यांपैकी एक पुस्तक तरी मुळातून, आरंभापासून शेवटपर्यंत वाचावे.

माझी मंडळास विनंती अशी की, जून महिन्यातील प्रत्येक रविवारी सकाळी दोन तास कार्यालय यासाठी उघडे ठेवावे. ज्ञातीत इंग्रजी घेऊन बी. ए., एम. ए. झालेली मंडळी आहेत. काही शिकवितात, काही वृत्तपत्रांत आहेत. त्यांनी आळीपाळीने येऊन बसावे. टेबलावर विद्यापीठाचा अभ्यासक्रम व नेट, सेट, बी. एड. यांची चालू वर्षाची माहितीपत्रके असावीत. छपाईचा खर्च मी देईन. ज्यांना एक रविवार देणे शक्य आहे त्यांनी भोजनापूर्वी चिटणीसांकडे नाव नोंदवावे.