हळवा कान

ऐकलं ते सगळं खरं मानणाऱ्या माणसाला आपण 'हलक्या कानाचा' म्हणतो. पलीकडच्या खोलीतली कुजबुजही ज्याला ऐकू येते, तो 'तिखट कानाचा'. मंडळी, आज मला एका तिसऱ्याच कानाविषयी बोलायचं आहे. त्याला आपण 'हळवा कान' म्हणू या.

कासार बांगड्या भरताना हात हलकेच दाबतो, हळू आवाजात बोलत एकेक बांगडी सरकवतो. काचेची बारीक किणकिण होत असते. अशा वेळी काहींच्या डोक्यात मागच्या बाजूला एक गोड शिरशिरी उठते, मानेवरून पाठीत उतरते आणि डोळे जड होतात. कुणाला हे न्हाव्याच्या कात्रीच्या आवाजानं होतं, कुणाला शेजारी कुणी सावकाश वहीची पानं उलटू लागलं की होतं, तर कुणाला सुपात धान्य पाखडण्याच्या आवाजानं. ज्यांना होतं त्यांना वाटतं, हे सगळ्यांनाच होत असणार. ज्यांना होत नाही त्यांना कितीही सांगितलं तरी कळत नाही.

या अनुभवाला २०१० साली अमेरिकेतल्या जेनिफर ॲलन यांनी एक लांबलचक नाव दिलं : 'ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स', थोडक्यात 'एएसएमआर'. पुढे २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या स्वान्सी विद्यापीठातल्या एमा बॅरेट आणि निक डेव्हिस यांनी असा अनुभव येणाऱ्या ४७५ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ७५ टक्के लोकांनी कुजबुजीचं नाव घेतलं. कुणी आपल्याकडे जातीनं लक्ष देत असल्यामुळे शिरशिरी येते, असं ६९ टक्के लोकांनी सांगितलं. अनेकांना हे लहानपणापासून होत होतं. शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की अशा ध्वनिचित्रफिती पाहताना या लोकांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी तीननं कमी होतात. म्हणजे हे केवळ मनाचे खेळ नव्हेत. शरीरही खरोखरच निवांत होतं.

आता नाण्याची दुसरी बाजू. समोरच्याचं मचमच चावणं, चहाचे भुरके, बॉलपेनची टकटक, नाकाची सूं सूं. बहुतेकांना हे फार तर थोडं खटकतं. काहींच्या मात्र अंगाचा भडका उडतो, छाती धडधडते, तिथून पळून जावंसं वाटतं. याला 'मिसोफोनिया' म्हणतात. इथे प्रश्न आवाज किती मोठा आहे याचा नसतो. मिरवणुकीतला ढोल सहज सोसणाऱ्याला शेजारच्याचं पापड खाणं सोसवत नाही. न्यूकॅसल विद्यापीठातल्या सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मेंदूचं चित्रण करून पाहिलं. तेव्हा नेमक्या अशा आवाजांना या लोकांच्या मेंदूतला, भावनांशी निगडित असलेला 'इन्शुला' हा भाग इतरांपेक्षा फार जोरानं प्रतिसाद देतो, असं दिसलं.

गंमत अशी, की हे दोन्ही अनुभव पुष्कळदा एकाच माणसाला येतात. गोड शिरशिरी अनुभवणाऱ्यांमध्ये मिसोफोनियाची लक्षणंही इतरांपेक्षा जास्त आढळतात, असं संशोधनात दिसलं आहे. एकूणच त्यांची संवेदनशीलता वरच्या पट्टीतली असते. जो कान किणकिणीनं सुखावतो, तोच भुरक्यानं पोळतो. एक हवं आणि दुसरं नको, अशी निवड त्या माणसाच्या हातात नसते.

घरात नेमका इथेच घोळ होतो. अनेकजण सांगतात, की परक्यांपेक्षा आपल्याच माणसांचे आवाज जास्त सलतात. नात भरल्या ताटावरून उठून आत जाते. आजोबांना वाटतं, हिला आपला कंटाळा आला. आई म्हणते, मुलगी उद्धट झाली. मुलीला स्वतःचीच लाज वाटते, कारण आजोबांवर तर तिचा जीव असतो. तिचा राग माणसावर नसतोच, तो आवाजावर असतो. पण हे सांगायला तिच्याकडे शब्द नसतात. मग नात्यात विनाकारण अढी बसते.

म्हणून पहिला उपाय म्हणजे या गोष्टीला नाव देणं. जेवताना नव्हे, तर एरवी शांतपणे बोलावं : "आजोबा, तुमचं काही चुकत नाही, माझ्या कानांना तो आवाज झेपत नाही." घरच्यांनीही "नाटकं पुरे" म्हणू नये आणि चिडवण्यासाठी मुद्दाम तो आवाज काढू नये. जेवताना पंखा किंवा रेडिओ हळू चालू ठेवावा, बसण्याच्या जागा बदलाव्यात. दिवसभर कानांत बोळे घालून बसणं मात्र बरं नव्हे. त्यानं कान अधिकच हळवे होण्याची भीती असते. अभ्यास, नोकरी किंवा नाती यांवर परिणाम होऊ लागला, तर आधी कानाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, मग मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. मिसोफोनियाची अजून रोगांच्या प्रमुख याद्यांत स्वतंत्र नोंद नसली, तरी विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारांचा अनेकांना उपयोग झाला आहे. गोड शिरशिरीला तर उपचाराची गरजच नाही. कित्येकजण तिच्या मदतीनं झोपी जातात.

आपल्यातला कुणी उंच असतो, कुणी ठेंगणा. तसाच कुणाचा कान निबर, कुणाचा हळवा. उंच माणसाला आपण दारातून वाकून यायला सांगतो, त्याच्या उंचीला नावं ठेवत नाही. हळव्या कानाच्या माणसालाही एवढंच हवं असतं.